हाताचे वळण आणि यंत्राचे अक्षर : हस्ताक्षरी फॉन्टचा मराठी संहितेच्या दृष्टीने विचार

साने गुरुजी १९२४ साली अमळनेर येथे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. हीच शाळा पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली जाऊ लागली. छात्रालयाची जबाबदारी अंगावर आल्यावर त्यांनी तेथील मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे दैनिक चालविले. हे दैनिक छापले जात नव्हते. ते हाताने लिहिले जात असे. पुढे १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ हे मासिक आणि १९३८ मध्ये ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक असे त्यांचे नियतकालिक लेखन विस्तारत गेले. परंतु अमळनेरच्या त्या वसतिगृहातील हस्तलिखित दैनिकाचे स्थान या सर्वांहून निराळे आहे. त्याचा वाचक लेखकाच्या परिचयाचा होता आणि लेखकाचे अक्षर वाचकाच्या परिचयाचे होते. सकाळी अंक वाचणारा मुलगा ते अक्षर वर्गातील फळ्यावर, आपल्या वहीच्या समासात रोज पाहत होता. मजकुराइतकीच त्या अक्षराचीही त्याच्याशी ओळख होती.

मराठीत ‘हस्तलिखित’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. संशोधकाच्या लेखी तो पोथीचा, बाडाचा वाचक आहे. शाळा-महाविद्यालयांत मात्र ‘यंदाचे हस्तलिखित’ म्हटले की मुलांनी स्वतः लिहून, चित्रे काढून, शिवून तयार केलेला वार्षिक अंक डोळ्यांसमोर येतो. हा दुसरा अर्थ अलीकडे क्षीण होत चालला आहे. आज अनेक ठिकाणी हस्तलिखिताचा अंक संगणकावर जुळविला जातो, आणि तो ‘हस्तलिखितासारखा’ दिसावा म्हणून हस्ताक्षराच्या वळणाचा फॉन्ट वापरला जातो. भित्तिपत्रके, निमंत्रणपत्रिका, बालवाचनाची पुस्तके, कवितांची पोस्टरे येथे हेच वळण आढळते. हे अक्षर मैत्रीपूर्ण वाटते, सैल वाटते, कोणीतरी आपल्याशी बोलत आहे असे वाटते. हे वाटणे नेमके कशातून येते आणि वाङ्मयीन संहितेत त्यावर कितपत विसंबावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रश्न वरवर सजावटीचा दिसतो. तो तसा नाही, हे पुढे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

प्रथम वस्तूचा परिचय. देवनागरीतील अशा फॉन्टचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ‘कलम’. इंडियन टाइप फाउंड्री या संस्थेने तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील देवनागरी अक्षरे लिपी रावल यांनी रेखाटली. रोमन अक्षरांच्या कामात जॉनी पिनहॉर्न यांचा सहभाग होता. फॉन्ट मुक्त परवान्याखाली असल्याने कोणालाही विनामूल्य वापरता येतो, आणि हलका, मध्यम व ठळक अशा तीन वजनांत तो मिळतो. अक्षरे उजवीकडे कललेली आहेत, रेषांची टोके गोलसर आहेत, जाडी जवळपास सर्वत्र सारखी आहे. बोरूची जाड-बारीक रेघ येथे नाही. बॉलपेनची किंवा स्केचपेनची रेघ आहे. याच सुमाराचा ‘देक्को’ हा दुसरा फॉन्ट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या अक्षरांवरून बेतला गेला आहे. (मराठीत ‘कलम’ म्हणजे लेखणी, कायद्याचे कलम आणि आंब्याचे कलमही. एका झाडाची फांदी दुसऱ्या खोडावर बांधण्याचा अर्थ या फॉन्टला सर्वांत शोभतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.)

आता इतिहासाकडे वळू. कारण हस्ताक्षराचे अनुकरण करणारे छापील अक्षर ही कल्पना संगणकाची नाही. व्हेनिसच्या आल्डुस मानुतिउस याने १५०१ मध्ये व्हर्जिलचे काव्य ज्या तिरप्या खिळ्यांत छापले, ते खिळे तत्कालीन विद्वानांच्या लपेटीच्या हस्ताक्षरावरून घडविलेले होते. कालांतराने रोमन लिपीत हे तिरपे अक्षर सरळ अक्षराचे सोबती बनले. ग्रंथनाम, परका शब्द, मनातला विचार, जोर द्यावयाचा शब्द यांसाठी ते राखून ठेवण्यात आले. त्यामुळे रोमन लिपीतील पानाला दुसरा आवाज मिळाला. देवनागरीला असा स्वतःचा दुसरा आवाज मिळाला नाही. आपण ठळक ठसा वापरतो, अवतरणचिन्हे वापरतो, आणि ‘तिरपा ठसा’ म्हणून जे वापरतो ते बहुधा सरळ अक्षरच यंत्राने कलते केलेले असते; त्यात हाताचे वळण नसते.

मराठीत मात्र दुसरे अक्षर होते. ते लिपीच्याच रूपाने होते. बाळबोध हे ग्रंथाचे अक्षर आणि मोडी हे व्यवहाराचे, पत्राचे, दप्तराचे अक्षर, अशी आपल्याकडे शतकानुशतके वाटणी होती. मोडीत आधी पानभर ओळीची रेघ ओढली जाई आणि तिच्याखाली लेखणी होता होईल तो न उचलता अक्षरे लिहिली जात. पेशवेकाळात चिटणिशी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशी वळणे नावाने ओळखली जात. कारकुनाने कित्ता गिरवून ती आत्मसात करावयाची असत. म्हणजे ‘वळण’ ही पूर्णतः व्यक्तिगत गोष्ट नव्हती. ते घराण्याचे, दप्तराचे, परंपरेचे होते. आजच्या भाषेत बोलायचे तर हे हाताने चालणारे फॉन्टच होते. मोडी म्हणजे स्वैर, आत्मीय लेखन आणि बाळबोध म्हणजे औपचारिक लेखन अशी सरळ विभागणी करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावयास हवे. सरकारी हुकूमही मोडीतच निघत असत.

मोडीचे खिळेही पाडले गेले होते. विल्यम केरी यांचा मराठी कोश श्रीरामपूर येथे १८१० मध्ये छापला गेला तो मोडीत. मराठीतील हस्ताक्षरी मुद्राक्षराचा विचार येथूनच सुरू करावा लागेल. तथापि मुंबईत मराठी मुद्रण रुजले ते बाळबोधात. गणपत कृष्णाजी, पुढे जावजी दादाजींचे निर्णयसागर यांनी बाळबोध अक्षराला जे रेखीव रूप दिले, त्यातच मराठी वाचकाची दृष्टी घडली. शेजारच्या गुजरातेत याच्या नेमके उलट घडले, आणि खानदेशातील वाचकाला ते सहज पाहता येते : तेथे व्यापाऱ्यांच्या वह्यांतील शिरोरेषाविरहित धावते अक्षरच छापखान्यात गेले व गुजराती लिपी म्हणून प्रतिष्ठित झाले. आपण पोथीचे अक्षर छापले, त्यांनी वहीचे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून व कचेऱ्यांतून गेली, आणि हाताने लिहावयाचे व छापावयाचे अक्षर मराठीत प्रथमच एक झाले. युनिकोडमध्ये मोडीचा समावेश झाला तो २०१४ मध्ये. ‘कलम’ प्रसिद्ध झाला तेही हेच वर्ष. हा योगायोगच आहे, पण बोलका आहे.

यापुढचा मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो. आपल्या परंपरेत उत्तम हस्ताक्षराची कसोटी कोणती होती? समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात पहिलाच समास लेखनक्रियेच्या निरूपणाला दिला आहे. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे, शाई काळीभोर असावी, ओळी एकमेकींत शिरू नयेत, समास सोडावा, असे सांगून ते अशी अपेक्षा करतात की ग्रंथाच्या आरंभी काढलेले अक्षर शेवटपर्यंत तसेच राहावे, सारा ग्रंथ एकाच टाकाने लिहिला असे वाटावे. ज्या धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थांच्या हस्ताक्षरातील म्हणून वाल्मीकी रामायणाची प्रत जतन केली आहे, तेथे जाऊन या उपदेशाची प्रचीती अभ्यासकाने स्वतः घ्यावी. समर्थांच्या दृष्टीने हाताची परिपूर्णता म्हणजे हाताचा चढउतार दिसू नये ही होती. थकवा, घाई, लहर यांची खूण अक्षरात उरू नये. ‘मोत्यासारखे अक्षर’ या आपल्या वाक्प्रचारातही हेच अभिप्रेत आहे. मोती एकसारखे असतात.

हस्ताक्षरी फॉन्टचा प्रयत्न याच्या उलट दिशेने आहे. जे यंत्र विनासायास एकसारखे लिहू शकते, त्याला थोडे वेडेवाकडे लिहिण्यास शिकविले जाते. पोथी लिहिणारा लेखक यंत्र होऊ पाहत होता. आता यंत्र हात होऊ पाहते. आणि देवनागरीत हे काम रोमनपेक्षा बरेच कठीण आहे. त्याचे कारण शिरोरेषा. फॉन्टमधील प्रत्येक अक्षर आपापल्या चौकटीत स्वतंत्र रेखाटलेले असते. शेजारी कोणते अक्षर येणार हे आधी ठाऊक नसते. शब्दावरची रेघ अखंड दिसावयाची तर प्रत्येक अक्षराची शिरोरेषा चौकटीच्या दोन्ही कडांवर त्याच उंचीला व त्याच जाडीला येऊन भिडली पाहिजे. आपण हाताने लिहितो तेव्हा शिरोरेषा शब्द संपल्यावर एका झटक्यात ओढतो. ती कधी चढते, कधी उतरते, कधी शेवटच्या अक्षरापर्यंत पोचतच नाही. घाईत ती वगळलीही जाते. मराठी हस्ताक्षराचा स्वभाव बराचसा या रेघेत असतो, आणि नेमकी हीच रेघ फॉन्टला शिस्तीत ठेवावी लागते. म्हणून असा फॉन्ट सैलपणा दाखवितो तो रेघेच्या खाली : कान्याच्या कलात, उकाराच्या शेपटीत, मात्रेच्या फेकीत.

दुसरी अडचण पुनरावृत्तीची. एका ओळीत चार वेळा ‘त’ आला तर हाताने लिहिलेले चारही ‘त’ भिन्न असतात. फॉन्टमधील चारही तंतोतंत एक असतात. वाचकाला हे जाणीवपूर्वक दिसत नाही, पण दोन परिच्छेदांनंतर जाणवते, आणि आपुलकीचा भास विरू लागतो. एकाच अक्षराची दोन-तीन रूपे देऊन ती आळीपाळीने यावीत अशी सोय आजच्या तंत्रात शक्य आहे. पण जोडाक्षरांसह देवनागरीचा पूर्ण संच आधीच शेकडो आकृत्यांचा होतो, त्याची दुप्पट-तिप्पट करणे कष्टाचे आहे. तेव्हा असा फॉन्ट चार ओळींत जितका जिवंत वाटतो तितका चार पानांत वाटत नाही, हे त्याचे अंगभूत बंधन आहे. मराठीसाठी फॉन्ट निवडताना ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांतील अर्धा र, ‘ळ’, ‘ॲ’ आणि मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ त्यात नीट उमटतात की नाही हेही आधी तपासावे. या वळणांचा आग्रह ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयानेही धरला आहे. हस्ताक्षर मराठी आणि ‘ल’ हिंदी वळणाचा, असे झाले की सगळा आव फुकट जातो.

अशा अक्षराच्या गैरवापराची कथा जगाला ठाऊक आहे. व्हिन्सेंट कोनारे यांनी १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टसाठी ‘कॉमिक सान्स’ रेखाटला तो एका संगणक-आज्ञावलीतील कार्टून कुत्र्याच्या संवादासाठी. त्याच्या तोंडचे शब्द गंभीर छापील अक्षरांत आलेले त्यांना खटकले होते. निरीक्षण अचूक होते. पुढे तो फॉन्ट घरोघर पोचला आणि सूचनाफलकांपासून सर्वत्र दिसू लागला. ४ जुलै २०१२ रोजी सर्न या प्रयोगशाळेत हिग्ज कणाच्या शोधाची मांडणी करताना एका सादरीकरणात तो वापरला गेला तेव्हा शोधाइतकीच चर्चा अक्षराचीही झाली. या उदाहरणावरून लोक ‘फॉन्ट वाईट’ असा निष्कर्ष काढतात. तो मला मान्य नाही. कार्टूनच्या फुग्यात ते अक्षर योग्यच होते; तेथे कोणी तरी बोलत होते. आपल्याकडे कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी जी शीर्षके रेखाटली, त्यांत प्रत्येक नाटकाला स्वतःचे अक्षर मिळाले. तो फॉन्ट नव्हता. एका नावासाठी एकदाच काढलेले चित्र होते. म्हणूनच शीर्षकावरून नाटकाची जात ओळखता येई.

मग वाङ्मयीन संहितेत हस्ताक्षरी फॉन्टचे स्थान कोणते? येथे खानदेशातीलच तीन उदाहरणे घेऊन विचार करणे उपयुक्त ठरेल.

पहिले, वर उल्लेखिलेले ‘छात्रालय’. येथे हात हा संहितेचाच भाग आहे. शिक्षक रात्री बसून आपल्यासाठी लिहितो, ही गोष्ट त्या अक्षरातून मुलांना कळत होती. मजकूर काढून छापला तर मजकूर उरतो, पण तो व्यवहार उरत नाही. दुसरे उदाहरण याच हाताचे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा अध्याय झाले, आणि ती साने गुरुजींनी लिहून घेतली. ‘गीता प्रवचने’ या ग्रंथातून आज आपण ऐकतो तो आवाज विनोबांचा आहे. लिहिणाऱ्या हाताने येथे स्वतःला पुसून टाकले आहे. किंबहुना त्याचे यश त्यातच आहे. ही प्रवचने साध्या छापील अक्षरांत वाचताना काहीही हरवत नाही. तिसरे उदाहरण बहिणाबाई चौधरी यांचे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या-कविता सोपानदेव आणि आप्तांपैकी पितांबर चौधरी यांनी लिहून ठेवल्या, आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्या प्रसिद्ध झाल्या. येथे कवयित्रीचे हस्ताक्षर असे काही नाहीच. आहे तो तिचा कंठ.

आता आपल्या परिसरातील कोणत्याही महाविद्यालयाच्या भिंतीवरील पोस्टर पाहावे. बहिणाबाईंच्या ओळी हस्ताक्षरी फॉन्टमध्ये, आणि खाली त्यांचे नाव त्याच फॉन्टमध्ये, जणू सही. पोस्टर करणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो. त्याला आपुलकी दाखवावयाची असते. पण जिने कधी लेखणी धरली नाही तिला आपण बॉलपेनचे अक्षर बहाल केले, आणि तिच्या काव्याचे जे मूळ वैशिष्ट्य, म्हणजे ते अक्षराविना, काम करता करता तोंडी घडले, तेच झाकून टाकले, हे कोणाच्या ध्यानी येत नाही. मराठीच्या विभागात तरी ते यावे.

या चुकीचे गंभीर रूप मला एका प्रबंधिकेत भेटले. एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने एका दिवंगत लेखकाच्या पत्रव्यवहारावर काम केले होते. पत्रांचे जे संपादित पुस्तक तिने आधाराला घेतले होते, त्यात निवेदन साध्या अक्षरांत आणि पत्रे हस्ताक्षरी फॉन्टमध्ये छापलेली होती; काही शब्दांखाली रेघाही होत्या. विद्यार्थिनीने पत्रांतील अक्षराच्या कलण्यावरून लेखकाची अधीरता, आणि अधोरेखनावरून त्याच्या मनातील द्वंद्व, असे दोन-अडीच पानांचे विवेचन केले. विवेचन चांगले होते. भाषा तरल होती. फक्त ते अक्षर लेखकाचे नव्हते, आणि तो कल त्याच्या जन्मात कधीही न पाहिलेल्या एका फॉन्टचा होता. तिला दोष देववेना. हस्ताक्षराचे रूप समोर ठेवून ‘हे हस्ताक्षर समजू नका’ असे संपादकाने कोठेही म्हटले नव्हते.

यावरून एक भेद करता येईल. हस्ताक्षरी फॉन्ट हा संकेत म्हणून वापरता येतो. पुरावा म्हणून नाही. कादंबरीत एखादे पात्र पत्र लिहिते, मुलांच्या गोष्टीत चिठ्ठी सापडते, चित्रकथेत कोणी बोलते, भित्तिपत्रकात संपादक मंडळ वाचकांना हाक मारते, तेथे हे अक्षर ‘आता निवेदकाहून दुसरे कोणी बोलत आहे’ एवढेच सांगते. अवतरणचिन्हासारखे ते एक चिन्ह होते. देवनागरीला जो दुसरा आवाज नव्हता तो या मार्गाने मिळू शकतो, आणि कल्पित साहित्याच्या मुद्रणात त्याचा अधिक धीटपणे उपयोग व्हावा असे माझे मत आहे. मात्र लहान आवाक्यात, थोड्या ओळींसाठी. चार पानी पत्र या अक्षरात वाचणे डोळ्यांनाही जड जाते. याउलट खरी पत्रे, रोजनिश्या, टिपणवह्या, हस्तलिखित नियतकालिके यांच्या संपादनात त्याला थारा देऊ नये. तेथे शक्य तर मूळ पानाचे छायाचित्र द्यावे, समोर साध्या अक्षरांत नक्कल द्यावी, आणि खाडाखोड, अधोरेखन, समासातील भर यांची नोंद टिपेत करावी. छायाचित्र मिळत नसेल तर साधे अक्षर पुरे. साध्या अक्षराचा गुण हा की ते कोणाचेच नसते, त्यामुळे कोणाचे असल्याचा भ्रमही निर्माण करीत नाही.

शाळा-महाविद्यालयांच्या हस्तलिखितांबद्दल मात्र संकेताचाही आधार घेऊ नये असे वाटते. त्या अंकाचे प्रयोजनच मुलांनी लिहावे हे आहे. संगणकावरचे अक्षर हवे असेल तर अंक खुशाल साध्या अक्षरात छापावा आणि त्याला ‘वार्षिकांक’ म्हणावे. एखाद्या मुलाचे अक्षर गिचमिड असेल, शिरोरेषा शेवटपर्यंत पोचली नसेल, तरी ते त्या अंकात असावे. शिक्षकाने फार तर शुद्धलेखन पाहावे.

ती विद्यार्थिनी पुढे लेखकाच्या कुटुंबीयांकडे जाऊन मूळ पत्रे पाहून आली. अक्षर सरळ, उभे, शाळामास्तरी वळणाचे होते. ओळी फूटपट्टीने आखल्यासारख्या. अधोरेखन होते, पण पुस्तकात ज्या शब्दाखाली होते त्याखाली नव्हे, तर त्या पत्राच्या अखेरीस, पैसे पोचल्याची पोच मागणाऱ्या वाक्याखाली. तिने ती अडीच पाने काढून टाकली आणि त्या जागी पोच मागणाऱ्या वाक्यावर नवे प्रकरण लिहिले.